पाणी कुठे मुरतंय : मुलुंडच्या घराच्या नोंदी

५ एप्रिल २०२५, शनिवार

३१ मार्चला घर रिकामं झालं. आज ठाण्याहून चावी घेऊन एकटीच आले. मुलुंड पूर्वेची १९८६ सालची चार मजली इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई-बाबांचं घर. सहा वर्षं भाड्याने देतोय, चार कुटुंबं राहून गेली. या नोंदी माझ्यासाठी आणि पुण्याच्या भावासाठी. खर्च दोघांचा, आणि "मागच्या वेळी नेमकं काय केलं होतं" यावर दरवर्षी आमचं अडतं.

सामान गेल्यावर भिंती दिसल्या. झोपायच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला कपाट अगदी चिकटवून ठेवलेलं होतं. त्याच्यामागे दीड हात रुंदीचा बुरशीचा काळा पट्टा, बोट लावलं की गिलावा पिठासारखा गळतोय. न्हाणीघराच्या दाराचा खालचा वीतभर भाग फुगून फाटलाय. गीझरचं सॉकेट तपकिरी पडलंय. बेसिनचं पाणी रेंगाळत जातंय. ओट्यावरचा नळ ठिबकतोय, त्याच्याखाली आल्या आल्या टोप ठेवला. तीन तासांनी मोजलं तर अर्धा लिटर. म्हणजे दिवसाला चार लिटर, आणि हा नळ किती महिने असा होता कोण जाणे.

माळ्यावरही चढले. तिथल्या आतल्या भिंतीला रंग कधी लावलाच नव्हता. पश्चिमेच्या कोपऱ्यात ओलीचा जुना डाग, आणि त्याच्या कडेने पेन्सिलची बारीक रेघ. शेजारी बाबांच्या अक्षरात "२८-७-०५". २६ जुलैच्या त्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. दोन दिवसांनी बाबा माळ्यावर चढून ओल कुठवर आली ते आखत होते. आजचा डाग त्या रेघेच्या चार बोटं पुढे आहे. मी नवी रेघ मारली, तारीख घातली. बराच वेळ तिथेच बसून राहिले.

६ एप्रिल, रविवार

खालच्या काकूंकडे गेले. रामनवमीचा प्रसाद हातावर ठेवला आणि मग न्हाणीघर दाखवलं. छताचा गिलावा निघून सळई उघडी पडलीय, गंज लाल दिसतोय. पलीकडे स्वयंपाकघराची भिंतही ओली. "तुझी माणसं गेली तरी टपटप चालूच आहे गं," म्हणाल्या. मला वाईट वाटलं ते पुढच्या वाक्याचं. गणपतीपासून त्या वर सांगत होत्या.

संध्याकाळी जुन्या भाडेकरूंना फोन केला. साताऱ्याकडचं तरुण जोडपं, लहान बाळ. त्याने काही लपवलं नाही. "ताई, जुलैपासूनच माहीत होतं. पण डिपॉझिटमधून कापाल असं वाटलं. आणि घर दाखवतानाच ब्रोकर म्हणाला होता, मालकांना सारखे फोन करू नका."

सारं दुखणं इथेच आहे. गळती कुठल्याही घरात होऊ शकते. पण जुलैत दिसलेली गळती मला एप्रिलमध्ये कळते, कारण सांगणाऱ्याला सांगायची भीती. आमच्या करारात एकच वाक्य होतं : "सर्व किरकोळ दुरुस्त्या राहणाऱ्याने स्वखर्चाने कराव्यात." किरकोळ म्हणजे काय ते कुठेच नाही. ते वाक्य आम्हीच सही केलेलं. त्यांचं डिपॉझिट पूर्ण परत करायचं ठरवलं, भावाचीही ना नाही.

१२ एप्रिल, शनिवार

प्लंबर आला. इमारतीतली जवळजवळ सगळी कामं तोच करतो, मूळचा देवगडचा, कमी बोलणारा. मला वाटत होतं आल्या आल्या तोडायला सांगेल. त्याने आधी वरच्या टाकीकडून येणारा आमचा व्हॉल्व बंद केला, ठिबकत्या नळाच्या जागी काटा असलेलं यंत्र लावलं आणि लाइनमध्ये दाब भरला. अर्ध्या तासात काटा हलला नाही. म्हणजे भिंतीतले आत पुरलेले पाईप ठीक. मग नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाईपमध्ये जातं त्या जाळीखालच्या भांड्याला, कापडाचा बोळा आणि प्लास्टिक घट्ट बसवून फरशीवर दोन इंच पाणी भरलं. पाण्याची पातळी लादीवर पेन्सिलने आखली. अठ्ठेचाळीस तास कोणी हात लावायचा नाही.

हा क्रम लिहून ठेवते, कारण नवखा माणूस थेट छिन्नी-हातोडा घेऊन येतो. आधी येणारं पाणी, मग फरशी, मग जाणारं पाणी.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी म्हणून सकाळीच पोचले. पाणी रेघेच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर खाली. तेवढं उन्हाळ्यात उडून जातंच. फरशी फारशी दोषी नाही. बोळा काढला, पाणी जाऊ दिलं, फरशी पुसून कोरडी केली. धुळवडीचा उरलेला हिरवा रंग काकूंच्या नातवाकडे होता, तो बादलीत कालवून नरसाळ्याने फक्त ट्रॅपमध्ये ओतला. तीन बादल्या. दुपारी चारला काकूंनी खालूनच हाक मारली. त्यांच्या छतावर पाईपच्या भोवती हिरवं वर्तुळ.

तर जोड तिथला. आमचं घर रिकामं असतानाही काकूंच्या छतातून पाणी का येत होतं तेही प्लंबरने समजावलं. न्हाणीघराचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली असतो. त्या खळग्यात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून वर लादी बसवतात, ट्रॅप आणि पाईप त्यातच पुरलेले. जोड सुटला की पाणी लगेच खाली पडत नाही. आधी खळगा भरतो, मग भरलेल्या खळग्यातून महिनोन्‌महिने झिरपत राहतं. म्हणून गळती सुरू झाल्याचा दिवस आणि डाग दिसल्याचा दिवस कधीच एक नसतो. तसंच दुरुस्ती झाली की डाग दुसऱ्या दिवशी वाळेल, ही अपेक्षाही चूक.

१९ ते २७ एप्रिल

दोन माणसांनी भाव दिले. एकजण सांधे भरून, ट्रॅपच्या भोवती केमिकल ओतून ९,००० म्हणाला. आमचा प्लंबर आणि त्याचा मिस्त्री सगळं उकरून नव्याने करायचे ६२,००० म्हणाले. भावाचा कल पहिल्याकडे होता. मी त्याला काकूंच्या सळईचा फोटो पाठवला. गंजलेलं लोखंड फुगतं, फुगून काँक्रीट फोडतं, आणि तो स्लॅब आमच्या दोघींच्या घरांच्या मधला आहे. नऊ हजारांनी एक पावसाळा निघाला असता, पण सळई गंजतच राहिली असती.

सोसायटीचा नियम, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद. डेब्रिज गोण्यांत भरून तीन जिने उतरवायचं. खळग्यातून निघालेला भराव चिखलासारखा ओला होता, वास येत होता. स्लॅब घासून धुऊन तीन दिवस उघडा वाळू दिला. भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे सिमेंटचा गोलावा दिला, मिस्त्री त्याला वाटा म्हणतो. काटकोनी कोपऱ्यात पाणी अडवणारा लेप चिरतो, गोलाव्यावर तो टिकतो. लेपाचे दोन हात, भिंतीवरही फूटभर वर. नवा ट्रॅप, नवे जोड.

मग पुन्हा पाणी भरून दोन दिवस. मिस्त्रीला घाई होती, "ताई, लादी बसल्यावर करू की टेस्ट." नाही म्हटलं. लादी बसल्यावर गळती सापडली तर लादी पुन्हा फोडायची कोणी? दोन दिवस काकू सकाळ-संध्याकाळ छताला हात लावून सांगत होत्या. थेंब नाही. त्यानंतरच भराव, उतार आणि लादी. उतार पाहायला मिस्त्रीने खिशातून गोटी काढली. चारही कोपऱ्यांतून सोडली, चारही वेळा ट्रॅपपाशी आली. सांध्यांना इपॉक्सी भरलं, ते पांढऱ्या सिमेंटसारखं ॲसिडने झिजत नाही. ॲसिडने फरशी धुणं तसंही बंद करायचं आहे. करारात लिहिणार.

काकूंच्या छताची सळई घासून, गंज थांबवणारा लेप देऊन, पॉलिमर मॉर्टार भरून घेतलं. खर्च आमचा. रंग मात्र आत्ता नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग म्हणजे महिनाभरात पोपडे. काकूंच्या छतावर डागाच्या कडेने मी पेन्सिलची रेघ मारली आणि तारीख लिहिली.

३ मे, शनिवार

वायरमन. तपकिरी सॉकेटचं कारण सापडलं. गीझर २,००० वॉटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर ओढणारा. त्याचं मोठं सॉकेट बिघडलं होतं, म्हणून कन्व्हर्टर प्लग लावून तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवला जात होता. सॉकेट अर्धवट वितळून थांबलं हे नशीब. त्या घरात बाळ होतं. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

गीझर आणि एसीसाठी जाड तारेच्या स्वतंत्र लाइनी, प्रत्येकीला वेगळी एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप बंद पडणारा खटका. मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली, आधी नव्हतीच. वीज कुठे बाहेर झिरपली की ती घराचा पुरवठा तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, झटकन पडली पाहिजे. पडली नाही तर ती भिंतीवरची शोभा. अर्थिंग नावालाच होतं, मीटरच्या खोलीपर्यंत नवी तार ओढून घेतली. गीझर उघडून आतली मॅग्नेशियमची कांडी बदलली. ती स्वतः झिजते आणि टाकी गंजू देत नाही. आमची झिजून पेन्सिलएवढी राहिली होती.

११ मे, रविवार

खिडक्या. पावसाळ्यात सरकत्या खिडकीतून पाणी आत येतं अशी तक्रार चारही भाडेकरूंनी केली होती, आणि आम्ही दर वेळी सिलिकॉनची नळी नेऊन फटी बुजवत होतो. आज ॲल्युमिनियमच्या चॅनेलमधली धूळ, कबुतरांची पिसं, वाळलेला चिखल टूथब्रशने उकरला तेव्हा दिसलं की चॅनेलच्या बाहेरच्या बाजूला बारीक भोकं आहेत. चॅनेलमध्ये साठलेलं पाणी त्यातून बाहेर जावं म्हणून. सगळी बुजलेली, दोन तर आमच्याच सिलिकॉनने. सुई आणि तारेने मोकळी केली. तांब्याभर पाणी ओतलं, सरळ बाहेर गेलं. सहा वर्षांची तक्रार दहा मिनिटांत संपली.

पश्चिमेच्या भिंतीचं तसं नाही. मागच्या आवारातून वर पाहिलं तर पावसाच्या पाण्याच्या पाईपपाशी, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, पिंपळाचं रोप. मनगटाएवढं खोड. खाली भिंतीला आडवी भेग. नैर्ऋत्येचा पाऊस त्याच भिंतीवर आपटतो. आतून कितीही रंग लावा, पाणी बाहेरून येतंय.

हे काम सोसायटीचं. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत बाहेरची भिंत, बाहेरचे सामायिक पाईप आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीकडे, तर सदनिकेच्या आतल्या न्हाणीघराची आणि बेसिनची गळती सदस्याकडे. सेक्रेटरींना फोटोंसह पत्र दिलं, पोच घेतली. इमारतीला तीस वर्षं उलटलीत, त्यामुळे मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी लागतेच, आणि ती २०२२ मध्ये झालीय. तिच्या अहवालात हीच भिंत आहे. पिंपळ नुसता कापून चालणार नाही, मूळ राहिलं की दोन महिन्यांत पुन्हा पालवी. मूळ मारून, भेग उघडून भरावी लागेल, आणि त्यासाठी परांची हवी. पावसाआधी करतो म्हणाले.

१८ मे, रविवार

बेसिनखालचा बॉटल ट्रॅप उघडला. चहाचा चोथा, भाताचे शीत आणि गोठलेलं तूप यांचा दगड. हाताने फिरवून उघडतो तो, खाली बादली ठेवायची, पाच मिनिटांचं काम. ट्रॉलीच्या पाठीमागच्या प्लायला वाळवी लागलेली, तेवढा तुकडा काढला आणि भिंतीला भोकं पाडून औषध सोडून घेतलं. ठिबकता नळ दुरुस्त. न्हाणीघराला पीव्हीसीचं दार.

२६ मे, सोमवार

मुंबईत मान्सून आल्याचं हवामान खात्याने आज जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. नोंदींच्या इतिहासात इतक्या लवकर तो कधी आलेला नव्हता. आमच्या परांचीचे बांबू कालच आवारात येऊन पडलेत. माणूस आता भिजल्या भिंतीवर चढणार नाही, आणि चढूही नये. पिंपळ तिथेच.

संध्याकाळी प्लंबरच्या मुलाने गच्चीवरून भेगेवर ताडपत्री सोडून बांधली. तात्पुरतं आहे. वारा सुटला की काय होईल ते दिसतंच आहे. यापुढे बाहेरचं काम असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवायचं, मे महिना धरायचा नाही. मी पत्र मार्चमध्ये द्यायला हवं होतं. पण मार्चमध्ये मला काही माहीत नव्हतं.

१ जून, रविवार

नवे भाडेकरू. नवरा-बायको आणि तिची आई, कोल्हापूरचे. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये एक चांगली तरतूद आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक, आणि लेखी कळवून पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पण कायद्याच्या भाषेत लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. म्हणून आम्ही तोच मुद्दा आमच्या करारात वेगळा लिहिला.

"किरकोळ दुरुस्त्या" काढून टाकलं. त्याऐवजी : पाणी, वीज, भिंत आणि दारं-खिडक्यांच्या चौकटी मालकाकडे. बल्ब, नळाचे वायसर, बेसिनची सफाई, एसीचं सर्व्हिसिंग राहणाऱ्याकडे. आणि खाली एक ओळ, जी लिहायला वकिलाने नाक मुरडलं पण मी सोडली नाही : "गळती, ओल किंवा विजेचा दोष दिसल्यापासून दोन दिवसांत कळवल्यास त्या दोषापोटी डिपॉझिटमधून काहीही कापले जाणार नाही."

मग तिघांना घरभर फिरवलं. व्हॉल्व कुठे, मेन कुठे, टेस्टचं बटण कसं दाबायचं, बॉटल ट्रॅप कसा उघडायचा, चॅनेलमधली भोकं कुठली. प्रत्येक भिंतीचे, नळाचे, सॉकेटचे फोटो त्यांच्यासमोर काढून त्यांनाच पाठवले. पश्चिमेची भिंत ओल धरणार हेही सांगितलं. कपाट त्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवायचं ठरलं. आजी सगळं लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमच्याकडं कौलं पावसाच्या आधी चाळत्यात. तसंच हे."

२२ जून, रविवार

पहिला मेसेज. फ्लश टाकीतून सतत बारीक आवाज. फोनवरच सांगितलं, टाकीत खाण्याचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात लाल पाणी आलं. आतलं रबर बदललं, १८० रुपये. मेसेज सकाळी नऊचा, काम दुपारी बाराला संपलं.

२० जुलै, रविवार

भेटीला गेले. पश्चिमेची भिंत ओली आहे, पण कपाटामागे हवा खेळतेय, बुरशी नाही. कपडे मात्र त्याच खोलीत दोरीवर वाळत होते. दुसरी जागा कुठेय म्हणा. एका वेळी बादलीभर पिळलेले कपडे म्हणजे लिटरभर तरी पाणी खोलीच्या हवेत जातं आणि सगळ्यात थंड भिंतीवर जाऊन बसतं. दोरी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली हलवली, खिडकी चार बोटं उघडी. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या घट्ट लावून बसण्यापेक्षा हे बरं.

२३ ऑगस्ट, शनिवार

१८ आणि १९ तारखेला मुंबई तुंबली. ताडपत्री १८ च्या रात्रीच फाटली. १९ ला शाळा-कचेऱ्या बंद, मला ठाण्याहून निघता आलं नाही. नव्या भाडेकरूने आपणहून माळ्यावर चढून फोटो पाठवला. डाग माझ्या एप्रिलच्या रेघेच्या वीतभर पुढे गेलेला, आणि त्याने पेन्सिलने नवी रेघ मारून तारीख घातलेली. बाबांची रेघ, माझी आणि त्याची, तिन्ही एका फोटोत. तो फोटो तसाच सोसायटीच्या कमिटीला पाठवला. काल खास बैठक लागली. अंदाजपत्रक मंजूर झालं, आमच्या पत्राची मेमधली पोच तिथे कामी आली.

५ ऑक्टोबर, रविवार

पाऊस ओसरलाय. सेक्रेटरींचं पत्र आलं : दिवाळी संपली की परांची, आधी पिंपळाचं मूळ, मग भेग, मग पश्चिमेची पूर्ण भिंत. आतल्या भिंतीचा गिलावा त्यानंतर निदान दीड महिना उघडा वाळू द्यायचा. भाडेकरूंना तोवर ती खोली अर्धीच वापरता येईल. म्हणून नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या भाड्यात दोन-दोन हजार कमी घ्यायचं भावाशी बोलून ठरवलं.

खाली उतरताना काकूंकडे गेले. छतावरची एप्रिलची रेघ आहे तिथेच, डाग तिच्या आत आक्रसून पावलाएवढा राहिलाय, मध्यभागी कोरडा. रंगाऱ्याला कधी पाठवू विचारलं. काकूंनी स्टुलावर चढून हाताने छत चाचपलं. "अजून गार लागतंय," म्हणाल्या, "संक्रांतीनंतर बघू. आणि ती रेघ पुसू नकोस."